सध्याचा पत्ता

“तात्पुरता? तात्पुरता कसला हो मॅडम, सख्खा भाऊ आहे माझा,” फोनवरची बाई म्हणाली. “हे दादाचं आपलंच घर आहे. हवं तितके दिवस राहू दे.”

माझ्यासमोरच्या कागदावर तीन चौकटी होत्या. तात्पुरता, अनिश्चित, कायम. पेन हातात धरून मी थोडी थांबले. फोनमध्ये मागे कुणीतरी ताटं रचून ठेवत होतं, आणि वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. मी पुन्हा विचारलं, साधारण किती दिवस, काही अंदाज? आता बाईला राग आला. भावाचे दिवस कुणी मोजतं का, असं तिने उलट मलाच विचारलं. मी ‘कायम’च्या चौकटीत खूण केली आणि पुढचा नंबर लावला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याला ही एवढीशी खूण पुरली. मी महापालिकेत पडताळणी कारकून आहे, तीही कंत्राटी. माझं स्वतःचं काहीच कायम नाही, पण दुसऱ्याचं कायम की तात्पुरतं हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. दिवसाला साठ फोन, एका फोनला दोन मिनिटं. समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं धरायचं, त्याचा अर्थ लावत बसायचं नाही, असं आम्हाला पहिल्या दिवशीच बजावलेलं होतं. मलाही ते सोयीचं होतं.

शहराने त्या वर्षी ठरवलं होतं की, ज्यांच्या डोक्यावरच्या छपराचा भरवसा नाही अशा चारशे माणसांना वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम द्यायची. अट घालायची नाही, कशावर खर्च केली ते विचारायचं नाही. योजनेला लांबलचक नाव होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोक तिला नुसतं ‘महिना’ म्हणायला लागले. “तुम्हाला कितवा महिना?” असं सत्तरीच्या म्हाताऱ्या रांगेत एकमेकींना विचारायच्या आणि हसून हसून बेजार व्हायच्या. चारशे जागांना नऊ हजार अर्ज आले. रांगेत शेवटी शेवटी कुणी हसत नव्हतं.

ते गृहस्थ अर्ज भरायला आले तेव्हा माझ्या टेबलाकडे न बघता आधी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मला जरा विचित्रच वाटलं. मग कळलं की ती धंद्याची सवय होती. दातांचा डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन पाठवतो, आणि मागे कुठेतरी कोंदट खोलीत बसून एक माणूस त्या साच्यावर मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करतो. तो माणूस म्हणजे हे. पाटीवर डॉक्टरचं नाव असतं, यांचं कुठेच नसतं. आमच्या शिपायाने त्यांना तोंडावरच ‘कवळीवाले’ म्हणून हाक मारली, तर त्यांनी ती मुकाट्याने घेतली आणि पुढे आले. तेव्हापासून आमच्या ऑफिसात त्यांचं तेच नाव पडलं.

लॅबच्याच मागच्या खोलीत ते बावीस वर्षं राहिले होते. लग्न केलं नव्हतं. मालक गेले, मालकाच्या मुलांनी जागा विकली, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कवळीवाले एक ट्रंक आणि एक हत्यारांची पेटी घेऊन धाकट्या बहिणीच्या दारात उभे राहिले. त्याला चौदा महिने झाले होते.

अर्जात ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यापाशी आमचं घोडं अडलं. ते म्हणाले, सध्या बहिणीकडे असतो. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाले, सध्याच. मी पेन खाली ठेवलं तेव्हा कुठे चौदा महिने बाहेर पडले. हा ‘सध्या’ त्यांना पावलापावलाला लागायचा. सध्या काम कमी आहे. सध्या पाठ धरलीय. सध्या पॅसेजमध्ये झोपतो, भाचीची परीक्षा झाली की बघू. तो शब्द उच्चारताना ते किंचित घाई करत, वाटेतली ओली जागा ओलांडावी तसे.

पैसे कशासाठी हवेत हे विचारायचं नव्हतंच, पण त्यांनी आपणहून सांगितलं. एका बाइंडरच्या दुकानामागे एक खोली रिकामी होती. एक नळ, एक मोरी, आणि उत्तरेला खिडकी. दाताचा रंग उत्तरेच्या उजेडातच बघावा लागतो, दुसरा कुठलाही उजेड फसवतो, हे त्यांनी मला फार गंभीरपणे समजावलं. दोन डॉक्टर काम द्यायला तयार होते. पण बहिणीच्या स्वयंपाकघरात कवळ्या घासायच्या कशा? एकदा भाचीने वाटीत दात बघितले, तर त्या वाटीला आठवडाभर घरात कुणी हात लावला नव्हता. घरमालकीण बाई एक तारखेपर्यंत थांबायला कबूल झाली होती. महिना लागला तर खोली, नाहीतर पॅसेज, इतकं ते सरळ होतं.

उठताना ते हळू आवाजात म्हणाले, “धाकटीला यातलं काही माहीत नाही बरं का. तिला वाटेल, आपलंच काही चुकलं.”

मी मान हलवली. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं की, तुम्ही खाली लिहिलेल्या त्या नंबरवर आम्ही फोन करणार आहोत, योजनेचं नाव न घेता, आणि तुमची बहीण जे बोलेल त्यावर सगळं ठरणार आहे. सांगायची परवानगी नव्हती. परवानगी नसलेल्या गोष्टी न सांगणं मला फार छान जमतं.

ते टेबलाशी होते तेवढ्यात माझ्या बाबांचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे स्पीकर लावून कागद चाळत राहिले. येताना औषध आण एवढंच बाबांना सांगायचं होतं, पण प्रत्येक शब्दामागे त्यांची कवळी टकटक वाजत होती. कवळीवाले कान देऊन ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, खालची आहे, उजवीकडे उंच झालीय, डाव्या बाजूने चावत असतील. ते शंभर टक्के खरं होतं. बाबा सहा महिने डाव्या बाजूने मऊ मऊ खात होते, आणि डॉक्टर म्हणत होता सवय होईल. मी विचारलं, तुम्ही बघाल का?

“बघेन की,” ते म्हणाले. “पण माझा कागद तुमच्या टेबलावर आहे ना सध्या. निकाल लागू दे. मग येतो.”

एवढं साधं काम, पाच मिनिटांचं. दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी घरी येऊन करून गेला असता आणि मला कायमचं मिंधं करून ठेवलं असतं. मला त्यांचा थोडा रागच आला.

यादी लागली. चारशे नावांत त्यांचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आले, आणि मी त्यांच्या अर्जावरचा शेरा त्यांच्यापुढे धरला. ‘यजमान कुटुंबाकडून कायम निवासाची ग्वाही.’ त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. ग्वाही शब्दावर बोट ठेवलं. मग मी त्या फोनबद्दल सांगितलं. बहिणीचे शब्दही सांगितले, मला पाठ झाले होते.

“मी समोरच होतो त्या दिवशी,” ते म्हणाले. “पेपर वाचत होतो. खोटं कशाला बोलू मॅडम, ऐकून बरं वाटलं मला.”

ऑफिसातली माणसं अशा वेळी नियम सांगतात, तसा मी सांगितला. दहा दिवसांत अपील करता येतं. घर ज्याच्या नावावर आहे त्याच्या सहीचं पत्र लागेल, की अमुक तारखेनंतर आम्ही यांना ठेवून घेऊ शकत नाही. चार ओळींचं काम, नुसता कागद आहे, असंही मी वर म्हणाले.

त्यांनी चष्मा रुमालाने पुसला आणि रुमाल टेबलावर ठेवला. घर मेहुण्यांच्या नावावर आहे, म्हणाले. मग म्हणाले, म्हणजे मला घालवतात असं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, तेही धाकटीच्या समोर. मी पुन्हा म्हणाले, नुसता कागद आहे हो. तेव्हा त्यांनी टेबलावरचा आपला रुमाल उचलला आणि उभे राहिले.

“जन्मात कुणापुढे दातांच्या कण्या केल्या नाहीत,” ते म्हणाले. “दुसऱ्यांचे दात करण्यातच वेळ गेला.” आपल्या विनोदावर ते स्वतःच थोडे हसले आणि गेले.

त्या रात्री माझं जेवणात लक्ष लागेना. चूक कुणाची, हे मी उलटसुलट करून बघत होते. बहीण खोटं बोलली नव्हती. बोलली ते तोंडदेखलंही नव्हतं. आपल्याकडे दारात आलेल्या परक्यालाही ‘आपलंच घर समजा’ म्हणतात, मग भाऊ समोर बसलेला असताना बहीण दुसरं काय म्हणणार? हे न कळायला मी काही परदेशातून आले नव्हते. मला नीट कळलं होतं, आणि कळूनही मी तिसऱ्या चौकटीत खूण केली होती. ही टोचणी इतकी वाढली की रविवारी दुपारी मी नियम बाजूला ठेवून त्यांच्या बहिणीच्या घरी गेले. पडताळणी करणाऱ्याने यजमानाच्या घरी जायचं नसतं. पण मला चूक दुरुस्त करायची होती, आणि चूक दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाटतं की आपण करू ते बरोबरच.

दार पूर्ण उघडत नव्हतं. दारामागे गुंडाळलेली गादी उभी करून ठेवली होती, त्यामुळे आत जाताना अंग चोरून आडवं व्हावं लागायचं. बहीण सवयीने तशीच आडवी होऊन पुढे गेली. दोन खोल्या, त्यांना जोडणारा पॅसेज. पॅसेजमध्ये ट्रंक, ट्रंकेवर हत्यारांची पेटी, पेटीवर घडी केलेला टॉवेल. आतल्या खोलीत भाची कानात बोटं घालून अभ्यास करत होती. मेहुणे गोदामावर पहारेकरी होते, रविवार म्हणून घरी होते. कवळीवाले नव्हते. रविवारी दुपारी दादा फिरायला जातो, कुठे जातो कोण जाणे, असं बहीण म्हणाली. मला ठाऊक होतं. ते उत्तरेची खिडकी बघायला जात असणार.

चहा आला. घरातल्या तिघांचे मग मोरीशेजारी खिळ्यांना टांगलेले होते. मला चहा नक्षीच्या कपबशीतून आला. सुंदर आहे, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“पाहुण्यांची, ठेवणीतली,” बहीण कौतुकाने म्हणाली. “दादाला मी रोज याच्यातच देते.”

मग मी सगळं सांगितलं. योजना, अर्ज, फोन, खोली, एक तारीख. ती ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा बदलत गेला. तिला पैशांचं काही नव्हतं, खोलीचंही नव्हतं. दादाने अर्ज केला आणि आपल्याला सांगितलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं. “आम्ही काय कमी केलं त्याला?” असं ती मला विचारत होती, आणि मग नवऱ्याला, आणि मग कुणालाच नाही. आई गेल्यावर दादानेच तिला वाढवलं होतं. तिच्या वेण्यासुद्धा दादानेच घातल्या होत्या, वाकड्या. ती रडत नव्हती, पण बोलणं थांबवता येत नव्हतं.

मेहुणे खुर्चीतून उठले, आत जाऊन भाचीच्या वहीतला एक कागद घेऊन आले, आणि मला विचारलं, “कुणाच्या नावाने लिहायचं?”

मी सांगितलं. ते टेबलाशी बसले आणि लिहायला लागले. मला वाटलं होतं मजकूर मला सांगावा लागेल, पण त्यांनी विचारलं नाही. एका दमात त्यांनी पत्र पुरं केलं, खाली सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळावी म्हणून कागद हलवत माझ्याकडे दिला. आमचे घर दोन खोल्यांचे असून मुलीच्या शिक्षणास जागा अपुरी पडते. सबब दिनांक तीसनंतर सदर गृहस्थांना आमच्याकडे ठेवून घेणे शक्य नाही. अक्षर टपोरं आणि सरळ.

“त्यांचं भलं होत असेल तर आपण आडवं यायचं नाही,” मेहुणे म्हणाले. त्यांना एकदम मोकळं वाटत असावं, कारण मला आणखी अर्धा कप चहा घेण्याचा आग्रह त्यांनीच केला.

बहिणीने ते पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. माझ्यासमोरची कपबशी उचलली, चहा अजून निम्मा होता, आणि ती मोरीत गेली. बराच वेळ नळ वाहत होता. मी निघाले तेव्हा ती बाहेर आली नाही.

अपिलावर अर्जदाराची सही लागते म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं. घरी गेल्याबद्दल ते मला रागावतील अशी मी तयारी केली होती. ते रागावले नाहीत, बहिणीने त्यांना सांगितलंच होतं. त्यांनी पत्र उजेडाकडे धरून वाचलं, कवळी तपासावी तसं, अगदी बारकाईने.

“खाडाखोड नाही एकही,” ते म्हणाले.

मी म्हणाले, अक्षर छान आहे त्यांचं.

“मेहुणे किराणावाल्याला चिठ्ठी लिहितात ना मॅडम, तरी तीनदा खोडतात.”

त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तोपर्यंत त्यांनी पत्राची मूळ घडी होती तशीच घातली होती. मग त्यांनी विचारलं, याने नक्की काम होईल का? मी म्हणाले, न व्हायला कारणच नाही, यजमानाचं लेखी आहे. त्यांनी सही केली. सही करताना हात स्थिर होता. त्या हाताचं तीस वर्षं कामच तसलं होतं.

समितीने चार दिवसांत निकाल दिला. इतक्या लवकर आमच्याकडे काहीच होत नाही. समितीने फोनचं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं आणि पत्र वाचलं होतं. ‘दोन्ही जबाब परस्परविरोधी. पत्र मागणीवरून लिहिलेले दिसते. पहिला जबाब उत्स्फूर्त असल्याने ग्राह्य. अपील फेटाळले.’ म्हणजे धाकटीच्या मायेवर पाच अधिकाऱ्यांनी सह्या केल्या. इतका पक्का दाखला जगात कुठल्या बहिणीला मिळाला नसेल. मी तो कागद घेऊन साहेबांकडे गेले, फोनवर भाऊ समोर बसला होता हो, असं सांगून पाहिलं. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? खरं सांगितलं असतं तर मी त्यांच्या घरी गेले होते तेही निघालं असतं, म्हणून मी कागद उचलून परत आले. मला नोकरी टिकवायची होती.

फोनवर त्यांना निकाल सांगितला. ते ‘बरं’ म्हणाले. मग म्हणाले, आता निकाल लागला, आता तुमचं काम करायला हरकत नाही, बाबांना बघून जातो. कधी येऊ? तुम्हीच सांगा, मी म्हणाले. तीस तारखेला संध्याकाळी, असं ते म्हणाले. मला त्या तारखेचं काही वाटलं नाही. महिन्याला तीस तारीख येतेच.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि बाबा. सहाच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं तर ते दारात उभे, हातात हत्यारांची पेटी, चपला आत काढू की बाहेर अशा विचारात अडकलेले.

“या ना, आपलंच घर आहे,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघतच राहिले. माझं मलाच काय बोलले ते ऐकू आलं, पण आता शब्द परत घेता येत नव्हता. ते ओठ मिटून हसले आणि चपला बाहेरच काढून आत आले. त्यांच्या मागे जिन्याच्या वळणावर ट्रंक ठेवलेली होती. ट्रंकेला दोरीने गादी बांधली होती.

बाबा आतून येईपर्यंत मी हळूच विचारलं, आजच निघालात? अपील तर फेटाळलं, आता त्या पत्राला काय अर्थ आहे?

“मेहुण्यांनी सरकारला तीस तारीख लिहून दिलीय,” ते म्हणाले. “समिती म्हणते, ते खोटं आहे. उद्या मी तिथेच दिसलो तर माणूस खरंच खोटा पडेल.”

आणि बहीण? ती मेहुण्यांशी पंधरा दिवस बोलत नव्हती. दादाशी मात्र फार बोलत होती, उठल्याबसल्या आपलंच घर आहे म्हणत होती. चहा आता मगातून देत होती. बाइंडरच्या मागची खोली गेली होती, महिना लागला नाही हे कळल्यावर घरमालकिणीने ती एका शिकणाऱ्या पोराला दिली. हे सगळं त्यांनी पेटीतून कानस आणि कापड काढता काढता सांगितलं, कुणाची तक्रार न करता. मला त्या क्षणी मेहुण्यांचा, समितीचा, माझा स्वतःचा भयंकर संताप आला, आणि या माणसाचाही आला. दुसऱ्याने दिलेल्या शब्दाला असं कुणी जागतं का?

बाबा येऊन बसले. कवळीवाल्यांनी विचारलं, कार्बन आहे का घरात, पावतीपुस्तकातला? माझ्या पिशवीत ऑफिसचं पावतीपुस्तक होतं, त्यातला कार्बन मी काढून दिला. त्यांनी त्याची बोटभर पट्टी कापली, बाबांच्या दातांमध्ये धरली आणि म्हणाले, चावा. पुन्हा चावा. आता बाजूला सरकवा. मग कवळी काढून खिडकीपाशी नेली. आमची खिडकी पश्चिमेला आहे. त्यांनी उजेड बघून जरा तोंड वाकडं केलं, पण काही म्हणाले नाहीत. उजव्या दाढांवर दोन निळे ठिपके उमटले होते, तीळ असावेत एवढे. सहा महिने माझा बाप त्या दोन तिळांपायी अर्ध्या तोंडाने जेवत होता. कानस चार वेळा फिरली, बोटाने चाचपून झालं, पुन्हा कार्बन, पुन्हा कानस. दहा मिनिटंही लागली नाहीत. पैसे किती विचारल्यावर त्यांनी आपला दर सांगितला आणि तेवढेच घेतले. मी जास्त दिले होते ते परत केले.

मी सफरचंद सोलून, चिरून बाबांपुढे ठेवलं. त्यांनी भीत भीत उजव्या बाजूला एक फोड घातली, चावली, आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. मग दुसरी घातली. बाबा खूश झाले की त्यांना सगळ्या जगाचं भलं करावंसं वाटतं. बागेत आमच्या कंपूत तिघांच्या कवळ्या वाजतात, ते म्हणाले, त्यांना तुमच्याकडे पाठवतो, पत्ता लिहून द्या. आणि त्यांनी आपली छोटी वही आणि पेन्सिल पुढे सरकवली.

कवळीवाल्यांनी पेन्सिल घेतली. “सध्या...” म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो रकाना त्यांच्यासाठी एकदा मीच भरला होता.

आमच्या बाहेरच्या खोलीत एक दिवाण आहे, त्यावर कुणी झोपत नाही. पश्चिमेची का होईना, खिडकी आहे. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मी अर्ध्या तासापूर्वी याच दारात सहज बोलूनही गेले होते. आता ते माझ्या ओठांपर्यंत येऊन अडकलं. म्हटलं असतं तर ते खरं करावं लागलं असतं. किती दिवस, हा प्रश्न माझ्याच डोक्यात आधी आला. मी पुढे होऊन टेबलावरच्या सफरचंदाच्या साली गोळा करायला लागले.

“मीच येऊन जाईन बागेत,” ते बाबांना म्हणाले. पेन्सिल वहीत घालून त्यांनी वही मिटली, हत्यारं पुसून पेटीत ठेवली, कार्बनची पट्टी चुरगळून खिशात घातली. दारात चपला घालताना म्हणाले, रात्री कवळी पाण्यात ठेवायला सांगा, कोरडी ठेवू नका. मी ‘हो’ म्हणाले. दार मी लगेच लावलं नाही, पण बाहेरही गेले नाही.

आत आले तर बाबांनी बशी जवळ ओढली होती. एक फोड तोंडात घालून त्यांनी मुद्दाम मोठ्याने, दोन्ही बाजूंनी चावली.

“काय गं, येतोय का आवाज?” त्यांनी विचारलं.

खाली जिन्यात ट्रंक एकेका पायरीला लागत उतरत होती.

“नाही,” मी म्हणाले.